काचेची तबकडी आणि हवेची फट

दोन सपाट धातुपट्टिका एकमेकींपासून १० मिलिमीटर अंतरावर समांतर ठेवून त्यांच्यामध्ये २०,००० व्होल्टचा दाब दिला, तर मधल्या हवेत मिलिमीटरामागे २,००० व्होल्ट इतके विद्युत्क्षेत्र निर्माण होते. आणि कोरडी हवा सामान्यतः मिलिमीटरामागे ३,००० व्होल्टपर्यंत तग धरीत असल्यामुळे ही रचना निर्धास्त असते. परंतु अधिक सुरक्षिततेच्या सद्हेतूने कोणी त्या जागेत ८ मिलिमीटर जाडीची काच सरकवली, तर काच हवेहून कितीतरी बळकट विद्युत्‌रोधक असूनही, उरलेल्या २ मिलिमीटर हवेत ठिणग्या पडू लागतात. उत्तम पदार्थाची भर घातल्याने रचना दुबळी व्हावी हे प्रथमदर्शनी बुद्धीला पटत नाही; तथापि एकाहून अधिक पदार्थ असलेल्या धारित्राचे मर्म याच विसंगतीत आहे.

काच आणि हवा यांची सीमा येथे पट्टिकांना समांतर आहे, आणि तिच्यावर बाहेरून आणलेला मुक्त प्रभार मुळीच नाही; म्हणून क्षेत्र आणि त्या त्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक यांचा गुणाकार सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच राहावा लागतो. काचेचा स्थिरांक ६ धरला, तर हवेतील क्षेत्र काचेतल्याच्या सहापट होणे अटळ आहे. ८ मिलिमीटर काच म्हणजे १.३३ मिलिमीटर हवेच्या बरोबरीची. तीत खऱ्या हवेचे २ मिळवून आलेल्या ३.३३ ने २०,००० व्होल्टना भागले की हवेच्या वाट्यास मिलिमीटरामागे ६,००० व्होल्ट येतात आणि काचेच्या वाट्यास अवघे १,०००. ठिणगी पडण्यापूर्वीची धारकता मात्र, १० मिलिमीटरांची जागा ३.३३ ने घेतल्यामुळे, तिप्पट झालेली असते.

सीमा पट्टिकांना लंब असेल, म्हणजे दोन पदार्थ शेजारी शेजारी बसवले असतील, तर वाटणीचा कायदाच पालटतो. दोघांना दाब तोच, जाडी तीच, म्हणून क्षेत्रही तेच. प्रभार तेवढा कमीअधिक जमा होतो, आणि दोन्ही भागांच्या धारकतांची सरळ बेरीज होते. सीमा तिरपी असेल तर क्षेत्ररेषा वाकतात आणि ही सोपी सूत्रे अपुरी पडतात.

मायकेल फॅराडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केलेल्या आणि १८३७ सालच्या निबंधात सविस्तर वर्णिलेल्या प्रयोगाचा पाया हाच दुसरा प्रकार होता. त्याने दोन अगदी एकसारखी उपकरणे करविली: प्रत्येकात २.३३ इंच व्यासाचा पितळी गोळा, त्याच्याभोवती आतून ३.५७ इंच व्यासाचे पोकळ पितळी कवच, आणि दोहोंमध्ये ०.६२ इंचांची जागा. एका उपकरणात ती जागा हवेनेच भरलेली राहिली. दुसऱ्याच्या खालच्या अर्धगोलात लाख भरली. एकास प्रभारित करून त्याचा दुसऱ्याशी स्पर्श घडवावयाचा, आणि प्रभाराची विभागणी कशी झाली हे कुलोमच्या पीळतराजूने मोजावयाचे, अशी ही तजवीज. लाखेच्या उपकरणाची धारकता सुमारे दीडपट भरली. लाख निम्म्याच जागेत असल्यामुळे दीड ही संख्या हवेचा १ आणि लाखेचा स्थिरांक यांची सरासरी ठरते. अर्थात लाखेचा स्थिरांक सुमारे २. उच्च गणिताचा आधार न घेता, केवळ भौतिक अंतर्दृष्टीने फॅराडे या निष्कर्षापर्यंत पोहोचला, हे मला त्याच्या कार्यातील अत्यंत तेजस्वी प्रकरणांपैकी एक वाटते.

काचेलगतच्या फटीचा धडा व्यवहारात सर्वांत कठोरपणे शिकविला तो उच्च दाबाच्या भूमिगत केबलींनी. तेल मुरवलेल्या कागदाच्या थरांत, केबल तापून निवताना, चपट्या सूक्ष्म पोकळ्या पडत. कागदाचा स्थिरांक सुमारे ३.५ असल्यामुळे पोकळीतील क्षेत्र कागदातल्याच्या साडेतीनपट चढे, आणि तेथे होणारे बारीक विसर्ग कागद हळूहळू पोखरीत. इटलीतील पिरेल्ली कंपनीचे अभियंते लुइजी एमानुएली यांनी यावर योजिलेला उपाय असा, की वाहक पोकळ ठेवून त्यातून पातळ तेल दाबाखाली सतत पुरवावयाचे, म्हणजे रिकामी जागा उद्भवताक्षणी तेल तिचा ताबा घेईल. तेलाचा स्थिरांक सुमारे २.२, त्यामुळे क्षेत्र साडेतीनपटीऐवजी दीडपटीच्या थोडे वर जाऊन थांबते, आणि तेवढे सोसण्याची शक्ती तेलात हवेहून पुष्कळ अधिक असते. १९२७ साली न्यूयॉर्क आणि शिकागो येथे १,३२,००० व्होल्टच्या अशा केबली जमिनीखाली घालण्यात आल्या.