आधी उतरायची जागा, मग उड्डाण

मंडळी, एक हिशोब करू. तोरणा १,४०३ मीटर उंच. दरी त्याखाली सातशे मीटर धरा. हँग ग्लायडर एक मीटर खाली येताना साधारण बारा मीटर पुढे जातो. म्हणजे वारा नसेल तर आठेक किलोमीटर. गड फक्त उदाहरणाला घेतलाय बरं का. उडायला लोक मावळात, कामशेतला जातात.

आता वारा आणू. पश्चिमेचा वारा डोंगराला धडकला की वर चढतो, ग्लायडरला उचलतो. तोच वारा पलीकडे कोसळतो, भोवरे करतो. त्या बाजूला गेलात की हिशोब संपला.

एप्रिल-मे महिन्यात वेल्ह्याची मोकळी भातखाचरं वाळवंटासारखी तापतात. गरम हवा वर उठते, वावटळ फिरते. उंचीवर हीच हवा कामाची. जमिनीजवळ मात्र तीच पंख उलटवते. म्हणून वाळवंटात काय आणि इथे काय, भर दुपारी उतरणं अवघड.

उतरायचं नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. का? ग्लायडरचा वेग ताशी तीस, वारा पंधरा. समोरून वारा असेल तर जमिनीला पंधराने टेकाल, पाठीमागून असेल तर पंचेचाळीसने. वेग तिप्पट, पण धक्क्याची ऊर्जा नऊपट! हाडं मोडतात ती इथे.

वाऱ्याची दिशा कशी कळणार? धूर बघा. भाटघरचं पाणी बघा: ज्या काठाशी ते संथ, त्या बाजूने वारा येतोय. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. हे सगळं उडण्याआधी, खाली चालत जाऊन बघायचं.