भयपटातला देव कोणत्या बाजूला?

फाल्गुन अमावास्येला शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला माणसांची रीघ लागते. 1689 साली झालेल्या संभाजी महाराजांच्या बलिदानाचं स्मरण त्या दिवशी समाधीपुढे होतं. त्यांच्या देहाला इथल्या गावकऱ्यांनी अग्नी दिला, असं परंपरा सांगते. पडद्यावर मात्र अमावास्या आली की कुत्री रडतात आणि वाड्याची दारं आपोआप करकरतात. गावाला ज्या तिथीचा धाक वाटत नाही, तिचाच सिनेमाला इतका धाक का? माझ्या मते, आपला भयपट राहून गेलेल्या कर्तव्यावर उभा असतो. अग्नी, श्राद्ध, दिलेला शब्द असं काहीतरी राहिलं, की भूत उठतं. जुने भयपट जमवणाऱ्यानं हे सूत्र धरलं, तर त्याचा संग्रह नुसता ढीग राहणार नाही.

पश्चिमेकडच्या भयपटात देव बहुधा शस्त्र म्हणून येतो. 1958 च्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’त पीटर कुशिंग दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरतो आणि क्रूस तयार होतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (1973) त्याच्या पुढे जातो. तिथं नुसता विधी पुरत नाही, श्रद्धा डळमळलेल्या पाद्र्याला स्वतःचा जीव द्यावा लागतो. त्याआधीच्या मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’त (1922) तर पिशाच्चाचा अंत घडतो तो एका स्त्रीच्या आत्मार्पणानं आणि सूर्योदयानं.

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी शस्त्राची ही कल्पना उचलली आणि क्रूसाच्या जागी त्रिशूळ ठेवला. ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) सामरी या राक्षसाचं मुंडकं पेटीत बंद, त्यावर शंकराच्या त्रिशुळाचा पहारा, आणि धड जुन्या देवळामागे पुरलेलं. पण कथेचा खरा चटका शापात आहे. राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरणार. म्हणजे त्रिशूळ परंपरेनं दिला, तरी भीती घरातलीच आहे.

महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’नं (1993) हे सगळं हसण्यावारी नेलं. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’त (1988) खुनी वूडू मंत्रानं बाहुल्यात शिरतो, तर आपल्या तात्या विंचूला बाबा चमत्कार हा मांत्रिक मृत्युंजय मंत्र देतो. रामदास पाध्यांच्या बाहुल्यानं पोरांची झोप उडवली. मोठ्यांनाही त्यातला टोला कळला होता: मंत्र कुणाच्या हाती पडतो, यावर सगळं अवलंबून.

गेल्या काही वर्षांत ही परंपरा मोठी झाली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (2018) नारायण धारपांच्या कथेची बीजं आहेत. त्यातला हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. सोनं घेतलं, धान्यावर हात टाकला, म्हणून त्याची पूजा होऊ नये असं ठरलं. तरीही एका घराण्यानं त्याचं देऊळ बांधलं. कणकेची बाहुली पुढे करून त्याच्याकडून सोनं उकळणारी माणसं राक्षसाहून वाईट दिसतात. सासवडच्या पुरंदरे वाड्यात चित्रीत झालेल्या या सिनेमात देव आणि राक्षस एकाच घरचे आहेत. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’त (2017) उसाच्या फडानं वेढलेलं घर आणि त्यात अडकलेली गरोदर बाई आहे. भीमेच्या खोऱ्यातल्या वाचकाला तो फड अनोळखी नाही, आणि गर्भातच मुली मारण्याचा प्रश्नही नाही. ‘मुंज्या’नं (2024) तर मुंजीनंतर मेलेल्या मुलाच्या अपुऱ्या इच्छेवरच कथा रचली. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. त्याच वर्षी पुण्यात, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्या समाजात हे सिनेमे बनले, हे पाहताना विसरू नये.

आता जमवण्याची गोष्ट. मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा लेखक स्टोकर, त्याच्या पत्नीनं कथाचोरीबद्दल कोर्टात दाद मागितल्यावर ‘नोस्फेराटू’च्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला होता, इकडेतिकडे उरलेल्या प्रतींनी तो वाचवला. आपल्याकडे 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी ते वाढवलं. तरी 2003 च्या आगीत नायट्रेटची रिळं गेलीच. भयपटांना कुणी ‘अभिजात’ म्हणत नसल्यामुळे त्यांची आबाळ जास्त. रामसेंचे सिनेमे आज चांगल्या प्रतीत हवे असतील, तर मोंडो मॅकाब्रो या परदेशी कंपनीच्या ब्ल्यू-रे संचाकडे वळावं लागतं. जत्रेत देवदर्शन झाल्यावर तंबू टॉकीजमध्ये शिरणाऱ्या प्रेक्षकानं हे सिनेमे जगवले. आपण निदान त्यांच्या तबकड्या, पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका जपाव्यात.

कपाट लावताना सालवार लावण्यापेक्षा तीन खण करावेत: देव शस्त्र म्हणून येणारे, देवाच्या नावानं माणसं फसवणारे, आणि राहून गेलेल्या देण्याची वसुली करणारे. पहिला खण बाजारातून लवकर भरेल. तिसऱ्यासाठी मराठीतच शोधावं लागेल, आणि मेहनत तिथंच घालावी.