मुकादम कोण?

गोदामाची किल्ली ज्याच्या कमरेला, तो मुकादम असतोच असें नाहीं. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत हा भेद कित्येक महिन्यांच्या कैदेएवढा मोलाचा असतो. तेथें १९८७ पासून शिक्षेचें एक कोष्टक आहे. त्यांत गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या. पांच वा अधिक जणांच्या गुन्ह्यांत जो सूत्रधार ठरेल त्यास चार पायऱ्या वर चढवितात, देखरेख करणारास तीन. पूर्वीं शिक्षा न झालेला आरोपी २६ व्या पायरीवर असेल तर कोष्टक ६३ ते ७८ महिने सांगतें. २९ व्या पायरीवर ८७ ते १०८.

२००५ पासून हें कोष्टक न्यायाधीशांस बंधनकारक नाहीं. तथापि हिशेबाचा आरंभ तेथूनच होतो. शिवाय देखरेखीचा हा निर्णय ज्यूरी करीत नाहीं, न्यायाधीश करतात. आणि तोहि निःसंशय पुराव्यावर नव्हे, पारडें कोणीकडे झुकतें एवढ्यावरच.

म्हणून प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल हातीं येतांच चौदा दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. पुराव्याचा भार सरकारवर असतो. नुसत्या मालावर ताबा ठेवणें म्हणजे देखरेख नव्हे. निदान एका साथीदारावर तरी हुकमत हवी. साथीदारहि गुन्ह्यास जबाबदार असा पाहिजे. अजाणतां गाडी हांकणारा वा वेषांतर केलेला पोलीस त्या मोजणींत येत नाहीं.

मादक द्रव्यांच्या खटल्यांत तर देखरेखीचा शिक्का बसला, कीं कायद्यानें ठरविलेल्या किमान शिक्षेखालीं उतरण्याची एक वाट बंद होते.