विश्लेषण : माळ्यावरची जुनी बाटली खरेच लाखमोलाची असते का?

जुन्या घराचा माळा साफ करताना एखादी धुळकट, हिरवट काचेची बाटली हाती लागते. बुडाशी इंग्रजी अक्षरे, मानेला वेडेवाकडे ओठ, काचेत बुडबुडे. कोणी तरी मोबाइलवर फोटो टाकतो आणि उत्तर येते, ‘अमेरिकेत अशा बाटल्या लाखांत जातात.’ मग भंगारात जाणारी बाटली एकदम कपाटात जाते. आरमोरीसारख्या गावातही आता हे घडू शकते, कारण लिलावाचे आकडे मोबाइलवर सगळ्यांनाच दिसतात. त्या आकड्यांत तथ्य किती, आपल्या घरातल्या बाटलीला खरी किंमत कोणती आणि ती विकायला काढण्याआधी कोणती काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

अमेरिकेत बाटल्यांना एवढा भाव का?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व्हिस्कीसाठी खिशात मावतील अशा चपट्या बाटल्या तयार होत. त्यांना फ्लास्क म्हणतात. काच साच्यात फुंकून त्यावर उठावाचे चित्र काढले जाई. जॉर्ज वॉशिंग्टन, अँड्र्यू जॅक्सन यांचे चेहरे, राष्ट्रचिन्हातील गरुड, फळांनी भरलेले शिंग, नव्याने आलेली रेल्वे असे विषय त्यावर असत. फ्रान्सचा सेनानी लाफाएत १८२४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्याचाही चेहरा फ्लास्कवर झळकला. फिलाडेल्फियाचा काचकारखानदार थॉमस डायट याने तर एका फ्लास्कच्या एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिन आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचाच चेहरा उमटवला. आज भिंतीवर किंवा टी-शर्टवर राजकारण दिसते, तसे तेव्हा ते बाटलीवर होते.

या फ्लास्कची पद्धतशीर वर्गवारी जॉर्ज आणि हेलन मॅककिअरिन यांनी १९४१ च्या ‘अमेरिकन ग्लास’ या ग्रंथात केली. चेहरे, गरुड, रेल्वे, सूर्यकिरण असे गट पाडून प्रत्येक साच्याला क्रमांक दिला. संग्राहक आजही त्या क्रमांकानेच बोलतात. १९६९ मध्ये तिकडच्या संग्राहक मंडळांचा महासंघही उभा राहिला. यादी आणि क्रमांक आले की ‘माझ्याकडे हा नाही’ ही भावना येते आणि तिथूनच भाव चढतो.

मग प्रत्येक जुनी बाटली महाग असते का?

नाही. गैरसमज इथेच होतो. वय हा किमतीतला एकच घटक आहे. साचा किती दुर्मीळ, रंग कोणता, कडा फुटलेली आहे का, उठाव स्पष्ट आहे का, यावर सगळे ठरते. वाळूत लोहाचा अंश असल्याने साध्या काचेला फिकट निळसर-हिरवट छटा येते. अशा रंगाचे फ्लास्क भरपूर आहेत आणि तुलनेने स्वस्त मिळतात. तोच साचा गर्द निळ्या किंवा जांभळ्या काचेत असेल, तर किंमत अनेक पटींनी वाढते. अगदी मोजक्या नगांना लिलावात एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आहे. बातमी होते ती त्यांचीच; काही डॉलरला विकल्या जाणाऱ्या हजारो बाटल्यांची होत नाही.

बाटलीचे वय कसे ओळखायचे?

त्यासाठी भिंग आणि उजेड पुरतो. पहिली खूण बुडाशी. हाताने फुंकलेल्या जुन्या बाटलीचे तोंड घडवताना तिचे बूड लोखंडी सळईला चिकटवून धरत. सळई तोडून काढली की तिथे खडबडीत गोल व्रण राहतो. १८६० नंतर हा व्रण हळूहळू दिसेनासा झाला, कारण बाटली चिमट्यात धरण्याची पद्धत रुळली.

दुसरी खूण बाजूच्या रेघेची. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे उभी रेघ उमटते. ती मानेवरच संपत असेल, तर ओठ नंतर हाताने घडवला आहे. रेघ ओठावरून थेट वरपर्यंत गेली असेल, तर बाटली यंत्रावर तयार झालेली. अमेरिकेत मायकल ओवेन्स याचे स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या सुमारास चालू झाले. त्यामुळे अशी बाटली बहुधा विसाव्या शतकातली.

बुडाशी असलेला आकडा म्हणजे सन, असे समजू नये. तो बहुतेक वेळा साच्याचा क्रमांक असतो. उलट अक्षरे पुष्कळ सांगून जातात. ‘फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर रीयूज ऑफ धिस बॉटल’ असे इंग्रजी वाक्य उठावात असेल, तर ती १९३५ ते १९६४ या काळातली अमेरिकन दारूची बाटली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर रिकाम्या बाटलीत चोरटी दारू भरली जाऊ नये, म्हणून हे वाक्य सक्तीचे केले गेले. म्हणजे ती बाटली जुनी खरी, पण शंभर वर्षांची नव्हे.

फसवणूक कुठे होते?

नकला जुन्याच आहेत. लाकडी घराच्या आकाराची ‘ई. जी. बूझ’ ही व्हिस्कीची बाटली अमेरिकेत प्रसिद्ध आहे. तिच्यावर १८४० हे वर्ष आहे, पण ती प्रत्यक्षात त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी बनली आणि १९३० च्या दशकापासून तिच्या प्रतिकृती निघत आल्या. न्यू जर्सीतील व्हीटन या कंपनीने १९६०-७० च्या दशकांत राष्ट्राध्यक्षांचे चेहरे आणि जुन्या औषधांची नावे असलेल्या शोभेच्या बाटल्या मोठ्या संख्येने विकल्या. ऑनलाइन ‘अँटिक’ म्हणून दिसणाऱ्या रंगीत बाटल्यांत यांचा भरणा असतो.

दुसरी युक्ती रंगाची. साधारण १८८० ते १९१५ या काळात काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. काही विक्रेते किरणोत्साराचा मारा करून हाच रंग काही वेळात आणतात. तो अनैसर्गिक गडद दिसतो.

महाराष्ट्राची स्वतःची काच कोणती?

अमेरिकन फ्लास्क आपल्याकडच्या माळ्यावर सापडण्याची शक्यता फार कमी. मात्र आपल्या बाटल्यांनाही गोष्ट आहे आणि ती आपल्याला जास्त जवळची आहे.

सर्वांना आठवते ती गोटी सोड्याची बाटली. हायरम कॉड या इंग्रज माणसाने तिचे पेटंट १८७२ मध्ये पक्के केले. मानेत रबरी कडे, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची. वायूच्या दाबाने गोटी कड्याला घट्ट बसते. अंगठ्याने दाबली की ‘फट्’ असा आवाज आणि सोडा मोकळा. गोटीसाठी पोरांनी बाटल्या फोडल्या, म्हणून जुन्या अखंड बाटल्या कमी उरल्या. पुढे बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर याने १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले आणि गोटीचे दिवस जगभर संपत गेले. आपल्याकडे ती जत्रेत आणि सोडावॉटरच्या गाडीवर टिकली.

स्वदेशी चळवळीत एक-एक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचकारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना, तिला लोकमान्य टिळकांचे पाठबळ. तिथे काम शिकवायला होते ईश्वरदास वार्ष्णेय. ते जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आले होते. म्हणजे अमेरिकन काचेचा धागा महाराष्ट्राला जोडला गेला तो विद्येतून. त्यानंतर १९१६ मध्ये कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले आणि ‘प्रभाकर’ कंदील मराठी घराघरांत पोचला.

आरमोरी परिसरात काय जपण्यासारखे आहे?

जंगलपट्ट्यातल्या घरांत बाटली कधी फेकली जात नसे. औषधाच्या बाटलीत खोबरेल, दारूच्या बाटलीत मध, मोहाचे किंवा टोळंबीचे तेल. वीज नव्हती तेव्हा कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसली जाई. दवाखान्यातून मिळणाऱ्या मिक्श्चरच्या बाटलीवर कात्रीने कापलेली कागदाची पट्टी असे, एका खाचेला एक डोस. उभ्या रेघांची, खरबरीत, गडद निळी किंवा हिरवी बाटली मिळाली तर मात्र सावध व्हावे. इंग्रजी अमदानीत विषारी द्रव्ये अशा बाटल्यांत भरत, अंधारातही हाताला कळावे म्हणून.

या वस्तूंना लिलावात मोठी रक्कम मिळणार नाही. पण प्लास्टिक आल्यावर त्या झपाट्याने गेल्या. भंगारात काचेला भाव नाही आणि फुटलेली काच उकिरड्यावर जाते. आजी-आजोबांच्या पिढीबरोबर कोणती बाटली कशासाठी होती, ही माहितीही जाते. खरे नुकसान हे आहे.

कायदा काय सांगतो?

चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार कारागिरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशी ग्राहकाने चांगली रक्कम देऊ केली तरी पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

दोन, जमिनीत पुरलेले सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. अमेरिकेत जुन्या शौचकुपांत खणून बाटल्या काढणारे हौशी लोक आहेत. त्यांचे व्हिडिओ पाहून इथे फावडे उचलू नये.

तीन, राखीव जंगलात किंवा संरक्षित स्मारकाच्या आवारात विनापरवाना खोदणे हा गुन्हा आहे. वैरागडचा किल्ला आरमोरी तालुक्यातच आहे, हे विसरू नये.

चार, गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. आरमोरीच्या बाजूने ती कायम आहे. धुतलेली रिकामी बाटली ही काच असते. आत जुनी दारू असलेली सीलबंद बाटली मात्र ‘संग्रहातली वस्तू’ म्हणून ठेवता येईल, असे गृहीत धरू नये.

बाटली सापडली तर काय करावे?

आधी फोटो काढावेत : बूड, ओठ, रेघ आणि अक्षरे. आत काही शिल्लक असेल तर वास घेऊ नये, हातमोजे घालावेत. गरम पाणी टाळावे. जुनी काच अचानक तडकते. कोमट साबणपाण्यात भिजवावी आणि मूठभर तांदूळ व पाणी घालून हलक्या हाताने हलवावी. तांदळाने आतला मळ सुटतो. पृष्ठभागावर इंद्रधनुषी पापुद्रा आला असेल तर घासू नये. अ‍ॅसिड तर मुळीच वापरू नये.

मग एका चिठ्ठीवर लिहावे : कोणाच्या घरची, कशासाठी वापरली, कोणी सांगितले. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अशाच घरगुती वस्तूंतून उभे राहिले. दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत जे इतरांना किरकोळ वाटले, ते दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून गोळा केले. आपल्या भागात शाळेचे एक कपाट किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली एक फळीही सुरुवातीला पुरेल.

मग विकावी की ठेवावी?

कोणी घाईने पैसे देऊ करत असेल, तर थांबावे. ऑनलाइन किंमत पाहताना मागितलेली रक्कम नव्हे, प्रत्यक्ष विक्रीची रक्कम पाहावी. ‘मूल्यांकनासाठी आधी शुल्क भरा’ असे सांगणाऱ्याला पैसे पाठवू नयेत. बहुतेक बाटल्यांचे उत्तर शेवटी एकच निघेल : बाजारात शे-दोनशे रुपये. घरात मात्र तिची माहिती सांगणारे माणूस अजून असेल, तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी. बाटली आणखी पन्नास वर्षे टिकेल, ती माहिती टिकेलच असे नाही.