तेल कोमट ठेवायची नोकरी

आमची बोट सुमात्रातल्या दुमई बंदरातून ३०,००० टन कच्चं पाम तेल घेऊन न्हावाशेव्याला निघाली आहे. शुद्ध करताना होणारी घट वजा केली तरी किराणा दुकानातले १५ किलोचे १८ लाखांहून जास्त डबे यात भरतील. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा पाम तेलाचा. बिस्किटं, फरसाण, वेफर्स, हॉटेलातली भजी, सगळीकडे ते असतं. आपल्या घरात येतं हे मात्र कुणी कबूल करत नाही.

बोटीवर माणसं २४. मी सेकंड ऑफिसर, म्हणजे बारा ते चारच्या वॉचचा, पाळीचा. वाट आठवडाभराची: मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडायचं, श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा आणि मग केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण उजव्या हाताला ठेवून वर सरकायचं. डिसेंबरातला शनिवार आहे. सोमवारी सकाळी मुंबई.

रात्री १२ ते ४

ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, मिट्ट काळोख ठेवलेला असतो. रडारचा पडदासुद्धा मंद केलेला. उजेडातून वर आलेल्या डोळ्यांना सरावायला दहा मिनिटं लागतात, म्हणून मी पावणेबारालाच येतो आणि थर्ड ऑफिसरकडून चार्ज घेण्याआधी नुसता उभा राहतो. मग कोर्स, वेग, आजूबाजूच्या बोटी आणि कप्तानांची रात्रीच्या सूचनांची वही. तिच्यात वाक्य तेच असतं: शंका आली की लगेच उठवा. त्याखाली सही करायची.

कन्याकुमारी उजवीकडे मागे पडत चालली आहे आणि समोर दिवेच दिवे. कुळच्चल, तूथूर या भागातले मच्छीमार आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात राहतात. त्यांच्या लाकडी किंवा फायबरच्या होड्या रडारवर कधी दिसतात, कधी लाटांच्या ठिपक्यांत हरवतात. त्यामुळे शेवटी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर. माझ्याबरोबर लुकआउटला दापोलीकडचा एक जुना खलाशी आहे. गाव तिथल्या खाडीवरचं, घरात दर्यावर्दी पिढ्यानपिढ्या.

“सेकंडसाब, उजवीकडे दोन दिवे. एक हलतोय.”

“आणि दुसरा?”

“तो जाळ्याच्या टोकाचा असंल. मध्ये घुसू नका.”

नियम सांगतो की जाळं टाकलेल्या होडीला आम्ही वाट द्यायची. नियम नसता तरी द्यावी लागली असती, कारण भरलेली बोट इंजिन थांबवल्यावरही कित्येक मैल पुढे जातच राहते. मी कोर्स दहा अंश बदलतो. होडीतला माणूस टॉर्चचे झोत आमच्यावर फिरवत राहतो. तो शिव्या देतोय की आभार मानतोय, हे इथून कळत नाही. इथून थोडं वर, केरळच्या किनाऱ्याजवळ फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘एन्रिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांनी चाचे समजून गोळीबार केला आणि दोन मच्छीमार मेले. पुढची अनेक वर्षं दोन देशांत खटले चालले. या पाण्यात होडी जवळ आली की मला ते आठवतं.

दोन वाजल्यानंतर समुद्र मोकळा होतो आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. ब्रिजवर एक गजर असतो. ठरावीक मिनिटांनी, फार तर बारा, त्याचं बटण दाबावं लागतं. नाही दाबलं तर आधी ब्रिजवर आणि मग कप्तानांच्या केबिनमध्ये बोंब. वॉचवरचा अधिकारी झोपेल हे गृहीत धरूनच हे यंत्र बनवलं आहे आणि त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. पहाटे तीनला माणूस झोपतोच. मी उभ्यानेच चहा पितो. खुर्चीवर बसत नाही.

चारला चीफ ऑफिसर येतात. साडेचारला मी आडवा.

सकाळी ६ ते ११

यातले बहुतेक तास मी झोपेत काढतो. पण बोटीचं मुख्य काम याच वेळात चालतं, त्यामुळे सांगायलाच हवं.

पाम तेल थंडीतल्या खोबरेलासारखं आहे, थंड झालं की गोठतं. टाकीत गोठलं तर त्यातला घट्ट भाग तळाशी बसतो, पंपात येत नाही आणि मग न्हावाशेव्याला माणसं खाली उतरवून खरवडायची वेळ येते. म्हणून वाटेत ते ३२ ते ४० अंशांत सांभाळायचं आणि उतरवताना ५० ते ५५ अंशांवर न्यायचं. एका दिवसात मात्र ५ अंशांपेक्षा जास्त चढवायचं नाही. घाई केली तर नळ्यांजवळचं तेल करपतं, आम्लता वाढते, रंग बिघडतो आणि खरेदीदार भाव पाडतो. म्हणजे बंदराच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज थोडं थोडं तापवत जायचं, आणि एखादा दिवस हुकला तर तो एका रात्रीत भरून काढता येत नाही.

टाक्यांच्या तळाशी नळ्यांची वेटोळी असतात. बॉयलरची वाफ त्यांतून फिरते. सहाला पंपमन आणि कॅडेट डेकवर निघतात. प्रत्येक टाकीत टेप सोडून वर, मध्ये आणि तळाशी, अशी तीन तापमानं घ्यायची. आज सरासरी ४३ आली. चार नंबरची डावी टाकी मात्र ४१ वर अडली आहे. पंपमनने वाफेचा वॉल्व्ह अर्धा वळसा उघडला, तासाभराने पुन्हा जाऊन नळीला हात लावून पाहिला. पंपमन हा हुद्दा टँकरवरच असतो आणि माझ्या मते तेलाचा सौदा टिकतो तो याच्या हातावर. करारात त्याचं नाव कुठेही नसतं.

खाली इंजिनरूममध्ये आठ वाजता सेकंड इंजिनिअर कामं वाटून देतात. हल्ली रात्री इंजिनरूममध्ये कुणी बसत नाही. काही बिघडलं तर ड्युटी इंजिनिअरच्या केबिनमध्ये गजर वाजतो आणि तो बॉयलरसूट चढवत धावतो. काल रात्री तीनदा वाजला. तिन्ही वेळा तेल गाळणाऱ्या प्युरिफायरचा. गंधकाचं प्रमाण ०.५ टक्क्यावर आणायचा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. तेव्हापासून जे नवं इंधन मिळतं त्याचा स्वभाव दर बंदरात वेगळा, आणि ते सांभाळायचं फोर्थ इंजिनिअर नावाच्या पंचविशीतल्या पोराने. खाली चाळीस अंशांवर उकाडा असतो. कानांवर मफ घालून खाणाखुणांनी बोलतात.

डेकवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि त्याची माणसं गंज खरवडतात, प्रायमर लावतात, रंग देतात. हे काम कधीच संपत नाही. एका टोकापर्यंत पोचेस्तोवर दुसऱ्या टोकाला गंज आलेला असतो. बाहेरच्यांना हे काम फालतू वाटतं. पण १८० मीटरच्या लोखंडी बोटीचं आयुष्य त्यावर आहे.

दहाला चहा. भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, गोव्याचा आहे. पहाटे पाचपासून त्याच्या हातात २४ जणांचं पोट असतं: उत्तरेकडच्यांना पोळ्या, दक्षिणेकडच्यांना भात, फिलिपिनो फिटरला बिनतिखटाचं, कप्तानांना साखर कमी. उद्या रविवार, म्हणजे बिर्याणी. भारतीय बोटीवर रविवारी बिर्याणी चुकली तर बंड होईल, असं गमतीत म्हणतात. फार गमतीत नाही.

दुपारी १२ ते ४

पुन्हा माझा वॉच. बरोबर बाराला दिवसाचा हिशोब, ज्याला नून रिपोर्ट म्हणतात: २४ तासांत कापलेलं अंतर ३१२ सागरी मैल, सरासरी वेग १३ नॉट, उरलेलं अंतर ५८०, शिल्लक इंधन, वारा, लाटा, टाक्यांची तापमानं आणि पोचायची वेळ. कोची आमच्या पूर्वेला. हा एक ई-मेल मालकाला, भाड्याने बोट घेणाऱ्याला आणि मुंबईच्या एजंटला जातो. त्यांच्यासाठी बोट म्हणजे हे आकडे. वेग अर्ध्या नॉटने कमी दिसला की तासाभरात विचारणा येते. फोर्थ इंजिनिअर रात्री किती वेळा उठला, हे विचारणारा रकाना त्या रिपोर्टात नाही.

जगातल्या व्यापारी मालापैकी वजनाने ८० टक्क्यांहून अधिक समुद्रावरून जातो, भारताच्या बाबतीत सुमारे ९५ टक्के. २०२१ च्या मोजणीनुसार हे सगळं १८.९ लाख दर्यावर्दी चालवतात. एवढ्या कमी माणसांत एवढं काम होतं ते यंत्रांमुळे, हे खरंच. पण जिथे यंत्र पुरत नाही तिथे माणसाची झोप वापरली जाते, आणि समुद्री भाडं स्वस्त असण्याच्या कारणांत मी तीही धरतो.

दुपारचा वॉच तसा सोपा. पुढच्या बंदराचे नकाशे दुरुस्त करणं, औषधांच्या कपाटाची मोजणी (बोटीवर डॉक्टर नसतो, ते काम माझ्याकडे), मध्ये इंजिनरूममधल्या एका मोटरमनच्या भाजलेल्या मनगटाला पट्टी. जखम छोटी आहे. मोठी असती तर रेडिओवर डॉक्टरला विचारून सुई मीच टोचली असती.

दुपारी ४.१५

वॉच संपला की झोपावं, पण शनिवार हा ड्रिलचा दिवस. गजर, सात छोटे आणि एक लांब. लाइफजॅकेट घालून जमायचं, हजेरी, मग आगीची कवायत: पंपरूममध्ये आग लागली असं धरून दोघं श्वसनाचे सिलिंडर पाठीला बांधतात, बाकीचे पाण्याचे पाइप पसरतात. पूर्वी पोरं कंटाळायची. आता नाही कंटाळत. ९ जून २०२५ ला कोलंबोहून न्हावाशेव्याला निघालेल्या ‘वान हाय ५०३’ या कंटेनर बोटीवर केरळपासून दूर समुद्रात स्फोट होऊन आग लागली. बोटीवर २२ जण होते. १८ वाचले, चार बेपत्ता झाले. त्याआधी दोनच आठवडे ‘एमएससी एल्सा ३’ कोचीजवळ बुडाली होती. तिच्यावरचे चोवीसही जण वाचले. आमची वाट तीच. इथे बंबवाले बोलवता येत नाहीत, बंबवाले आम्हीच. आज पहिल्या पाइपातून पाणी यायला चार मिनिटं लागली. कप्तान काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा करायला लावलं.

संध्याकाळी ६ ते ८

पंपमनची दुसरी फेरी. चार नंबरची डावी टाकी ४३ वर आली. जेवताना ही बातमी सगळ्यांना कळते आणि सगळ्यांना खरंच बरं वाटतं.

जेवणानंतर मेसमध्ये पूर्वी पत्त्यांचे डाव रंगायचे, कॅरम असायचा. आता उपग्रहाचं इंटरनेट आलं आणि जो तो आपल्या केबिनमध्ये घरच्यांशी बोलत असतो. याला कुणी वाईट म्हणत असेल तर त्याने २०२० आठवावं. तेव्हा बंदरं बंद झाली आणि करार संपूनही जगभरात सुमारे ४ लाख दर्यावर्दी बोटींवर अडकले. आमचा एक मोटरमन त्यांतला. बापाच्या अंत्यविधीला पोचला नाही. त्याला कॅरम नको, व्हिडिओ कॉल हवा.

रात्री ८ ते १२

झोपण्याआधी विश्रांतीच्या तासांचा तक्ता भरायचा. आंतरराष्ट्रीय करार म्हणतो: २४ तासांत निदान १० तास विश्रांती, फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सहा तासांचा. माझा हिशोब बघा. पहाटे साडेचार ते साडेदहा, सहा तास. रात्री आठ ते पावणेबारा, पावणेचार. उरलेली पंधरा मिनिटं कॉम्प्युटर लाल रंगात दाखवतो. मी संध्याकाळच्या जेवणाची वेळ विश्रांतीत टाकतो आणि तक्ता हिरवा होतो. तपासनीसांना हिरवा तक्ता आवडतो.

शिवाय हा समुद्रातला, म्हणजे आरामाचा दिवस. सोमवारी पायलट चढेल, बोट धक्क्याला लागेल, सर्व्हेयर नमुने घेतील, पाइप जोडले जातील आणि तेल उतरवायला लागणारा दीड दिवस आम्ही सहा तास काम, सहा तास सुट्टी असं चालवू. त्या सहा तासांतही तपासण्या, सामानाच्या गाड्या, कागदपत्रं. शेवटच्या टाक्या निथळल्या की बोट लगेच बाहेर काढतात, कारण धक्क्याचा प्रत्येक तास मोजला जातो.

आमच्या इलेक्ट्रिशियनचं घर उरणला आहे. धक्क्यापासून रिक्षाच्या अंतरावर. मागच्या खेपेला तो तिथे आला तेव्हा पास मिळेपर्यंत बोट सुटायची वेळ झाली आणि बायको-मुलीला तो व्हिडिओवरच भेटला. किनाऱ्यावर उतरण्याची मुभा दर्यावर्दीला असावी, हे १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केलेलं आहे. तुम्ही बंदरात, गेटवर किंवा एजंटच्या कचेरीत काम करत असाल आणि सोमवारी आमच्या बोटीचे अर्ज टेबलावर आले, तर ते सकाळच्या पहिल्या तासात काढा. दुपारी काढलेला पास उपयोगाचा नसतो.