डॉस कुणाची, विंडोज कुणाची?

बिल गेट्स यांनी डॉस लिहिली, मग विंडोज काढली आणि कॉम्प्युटर घरोघरी पोचला, अशी गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटतच नाही. तपासली, तर तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूसच गायब असल्याचे दिसते.

गैरसमज : डॉस बिल गेट्स यांची.

लिहिली ती टिम पॅटरसन यांनी, 1980 मध्ये, सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत. कंपनीकडे इंटेल 8086 चे बोर्ड तयार होते, पण सीपी/एम या कार्यप्रणालीची त्यावर चालणारी आवृत्ती काही बाजारात येईना. मग पॅटरसन यांनी स्वतःच एक प्रणाली लिहून काढली. मायक्रोसॉफ्टने जुलै 1981 मध्ये 50 हजार डॉलर मोजून तिचे सर्व हक्क घेतले आणि 12 ऑगस्टला जाहीर झालेल्या आयबीएम पीसीसाठी तीच पुढे केली. गेट्स यांची खरी हुशारी करारात दिसते. डॉस इतर उत्पादकांनाही विकण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवला. पुढे आयबीएमशी जुळणारे स्वस्त पीसी निघाले, तेव्हा त्या प्रत्येकाला डॉस लागली.

पण पॅटरसन यांच्यासमोर नमुना होता तो गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमचा, आणि माझ्या मते क्रांती तिथे झाली. 1974 मध्ये त्यांनी ही प्रणाली तयार केली. पुढे तिच्यातला यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी वेगळा काढून एका छोट्या तुकड्यात ठेवला. तोच बायॉस. नवे यंत्र आले की तेवढा तुकडा नव्याने लिहायचा; बाकी सारे आहे तसे चालायचे. त्यामुळे लेखनाचे वर्डस्टार किंवा नोंदी ठेवण्याचे डीबेस वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागले आणि सॉफ्टवेअर ही यंत्रापासून वेगळी, दुकानातून विकत आणायची वस्तू झाली. एका ओळीतल्या चुकीसाठी अख्खे पान पुन्हा टाइप करण्यातून कचेऱ्या सुटल्या, त्यामागे ही मांडणी होती.

डॉसचे सगळेच काही सीपी/एमचे नव्हते. डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत वेगळी होती. पण वापरणाऱ्याच्या हाताला लागणारे बरेचसे तिथूनच आले. फाइलच्या नावाला आठ अक्षरे आणि टिंबापुढे तीन. ‘जानेवारीचा पगार’ त्यात कोंबताना कारकुनांची दमछाक व्हायची. ड्राइव्हला अक्षराने हाक मारण्याची रीतही तीच. ए आणि बी फ्लॉपींनी अडवलेले, म्हणून 1983 च्या पीसी एक्सटीमधल्या 10 एमबीच्या हार्ड डिस्कला सी मिळाले. फ्लॉपी गेली, तरी लॅपटॉपमध्ये सी ड्राइव्ह आहेच. फाइल पुसली की डॉस यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे एक खूण ठेवायची आणि तिची जागा मोकळी धरायची. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डिस्कवर तसाच असायचा. म्हणून 1991 च्या एमएस-डॉस 5 मधली अनडिलीट आज्ञा फाइल परत आणताना विचारायची, पहिले अक्षर कोणते होते? खोडण्याच्या खुणेचा तो संकेतांकही सीपी/एमचाच.

गैरसमज : किल्डॉल विमान उडवत बसले आणि आयबीएमची संधी हुकली.

आयबीएमची माणसे बोलणी करायला आली त्या दिवशी ते विमानाने गेले होते हे खरे, पण कामासाठी. बोलणी अडली ती आयबीएमच्या गोपनीयतेच्या करारावर, जो त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी लगेच सही करून दिला नाही. शिवाय आयबीएमने पुढे सीपी/एम-86 देखील विकायला ठेवली होती. तिची किंमत 240 डॉलर, डॉसची 40. ग्राहकांनी काय निवडले असेल ते उघड आहे. एका कर्तबगार माणसाचे आयुष्य या विमानाच्या किश्शात गुंडाळले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

गैरसमज : 640 केबी सर्वांना पुरेल, असे गेट्स म्हणाले होते.

असे बोलल्याचा भरवशाचा पुरावा नाही. गेट्स यांनी स्वतः ते नाकारले आहे. मर्यादा आली ती पीसीच्या रचनेतून. 8088 प्रोसेसरला 1 एमबीपर्यंतच पत्ते देता यायचे आणि त्यातले वरचे 384 केबी आयबीएमने पडदा, रॉम वगैरेंसाठी राखले. उरले 640.

गैरसमज : माउस आणि खिडक्या अॅपलने किंवा मायक्रोसॉफ्टने शोधल्या.

डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक 1968 मध्ये दाखवले. झेरॉक्सच्या आल्टोवर 1973 पासून पडद्यावरच्या चित्रांशी काम होत होते. मॅकिंटॉश आला 1984 मध्ये, विंडोजची पहिली आवृत्ती 1985 मध्ये.

गैरसमज : विंडोज येईपर्यंत कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती.

डॉसच्या काळातच येत होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले. पीसीच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेसमध्ये देवनागरीत नावे भरता यायची. मूळ सॉफ्टवेअरला हात लावावा लागत नसे, कारण अक्षरे पडद्यावर काढण्याचे काम कार्ड करायचे. किल्डॉल यांनी यंत्राचे वेगळेपण एका थरात बंद केले होते. इथे लिपीचे वेगळेपण तसेच एका थरात गेले. उलट विंडोजवर डीटीपीसाठी आलेल्या बहुतेक मराठी फाँटांचे संकेत आपापले होते. एका छापखान्यातला मजकूर दुसरीकडे उघडला की निव्वळ कचरा दिसायचा, आणि तेव्हाचे कितीतरी मराठी लेखन त्यामुळे आज सहज वाचता येत नाही. जिस्टमागचा संकेत होता इस्की. 1991 मध्ये तो भारतीय मानक झाला. त्याआधीच्या 1988 च्या इस्कीवरून युनिकोडने देवनागरीचा आराखडा घेतला आणि आज मोबाइलवर टाइप केलेले प्रत्येक मराठी अक्षर त्याच मांडणीत साठवले जाते.