हद्दीबाहेरचा दिवस

मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने राहण्यायोग्य शहरांची क्रमवारी जाहीर केली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या ४९ शहरांत बृहन्मुंबई दहावी आली, ठाणे अकरावं, कल्याण-डोंबिवली बारावं आणि खुद्द दिल्ली तेरावी. ही क्रमवारी खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. घरं, शाळा, पाणी, स्वच्छता, रोजगार आणि नागरिकांचं मत अशा बाबी त्यात मोजल्या होत्या आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टी इथे डोंबिवलीत खरोखर आहेत. मात्र मोजणाऱ्यांनी पट्टी महापालिकेच्या हद्दीत धरली, आणि डोंबिवलीच्या नोकरदाराचा जागेपणीचा बहुतेक दिवस त्या हद्दीबाहेर जातो. रात्रीच्या मुक्कामाच्या जागेला गुण मिळाले, दिवसाची मोजणी कुणी केली नाही. मुंबई-ठाण्याच्या या किनाऱ्यावर राहायला येणाऱ्या माणसाचं जीवनमान त्याच्या पूर्ण दिवसावरून ठरवलं, तर चित्र बरंच बदलतं.

माणसं इथे का आली, हे आधी नीट मान्य केलं पाहिजे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर घसरली. त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. एवढी माणसं फसून आली नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठली, तसा नवी भाड्याची घरं बांधण्यातला रस संपत गेला. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या घरांचा आर्थिक आधारच गेला. अशा वेळी एका खोलीतल्या सहा-सात माणसांना डोंबिवलीत दोन खोल्या, स्वतःचा नळ, घरातला संडास आणि मुलाच्या अभ्यासाला कोपरा मिळाला. मजल्याच्या टोकाला सार्वजनिक संडासासाठी रांग लावलेल्या बाईला या बदलाची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नाही. गावाहून किंवा दुसऱ्या राज्यातून थेट इथे आलेल्यांचा हिशेबही फार वेगळा नाही. माझं म्हणणं या लाभाच्या विरोधात नाही. या लाभाच्या बदल्यात काय द्यावं लागलं, त्याची नोंद कुठेच नाही, हे माझं म्हणणं आहे.

त्या किमतीचं मूळ समुद्रात आहे. पुणे किंवा दिल्ली चारी दिशांना पसरू शकते. मुंबई एक अरुंद बेट, आणि तिच्या कामाच्या जागा शतकभर बंदराजवळ, दक्षिणेच्या टोकाला साचत गेल्या. वस्तीला सरकायला एक उत्तर दिशा तेवढी होती. म्हणून सकाळी सगळी गर्दी एका बाजूला आणि संध्याकाळी सगळी उलट बाजूला. कल्याणच्या बाबतीत हे जास्तच बोचतं, कारण कल्याण स्वतः बंदर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि याच खाडीत मराठा आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. खाडीकाठी काम होतं, म्हणून खाडीकाठी वस्ती होती. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि हळूहळू बंदराचं स्टेशन झालं. तरीही बराच काळ या गावांना स्वतःचा दिवस होता. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा संस्था उभ्या करायला संध्याकाळी गावात असणारी माणसं लागतात.

आज ती संध्याकाळ कुठे जाते, याचा साधा हिशेब मांडता येतो. डोंबिवलीहून सीएसएमटी ४८ किलोमीटर. फास्ट लोकललाही तासाहून अधिक लागतो. शेअर रिक्षाची रांग, पूल, फलाटावरची वाट आणि उतरल्यावरची पायपीट धरली, तर जाऊन-येऊन तीन तास ही मी जपून धरलेली संख्या आहे. वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले, तर ८४० तास होतात, म्हणजे पस्तीस अखंड दिवस-रात्री. तीस वर्षांच्या नोकरीत जवळपास तीन वर्षं. आणि हे तास बसून वाचायचे किंवा डुलकी काढायचे नाहीत. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्या डोंबिवलीला भरूनच येतात, म्हणून कित्येक जण बसायला जागा मिळावी यासाठी आधी उलटे कल्याणला जातात. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. लोकलना मोकळी वाट मिळावी म्हणून बांधलेली दिवा-ठाणे पाचवी-सहावी मार्गिका सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. राहण्यायोग्यतेच्या गुणपत्रिकेत ही माणसं कोणत्या शहराच्या खात्यावर टाकायची?

यावर नेहमीचं उत्तर येतं, की हा सौदा लोकांनी समजून-उमजून केला. मोठं घर हवं तर लांबचा प्रवास, नाहीतर लहान घर. अर्थशास्त्रातही असंच मानलं जायचं, की प्रवासाचा त्रास घराच्या किंवा पगाराच्या रूपाने भरून निघत असणार, नाहीतर माणूस तो पत्करेल कशाला? झ्युरिकच्या ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्सर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून हे गृहीतक पारखलं. लांब प्रवास करणाऱ्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी निघालं. भरपाई पुरी होत नव्हती. ही जर्मनीची गोष्ट आहे. तिथल्या गाडीत माणसाला किमान दोन्ही पाय टेकायला जागा मिळते. इथे तर निवडीचाच प्रश्न आहे. ज्याच्या पगारात परळला किंवा दादरला घर बसत नाही, त्याने डोंबिवली ‘निवडली’ असं म्हणणं मला पटत नाही. गाडीतल्या ग्रुपचा जिव्हाळा, भजनी मंडळं, डब्यातली हळदीकुंकवं यांचा दाखलाही दिला जातो. तो जिव्हाळा अस्सल आहे. पण माणसांनी गैरसोयीतून काही उभं केलं, याचं श्रेय गैरसोयीला देता येत नाही.

वेळेची ही टंचाई डोंबिवलीच्या बाजारातही दिसते. गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं, चिरून ठेवलेल्या भाज्या, रात्री उशिरापर्यंत चालणारी पाळणाघरं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराने, विशेषतः त्या घरातल्या बाईने, विकत घेतलेला हा वेळ आहे. पैशाने विकत न मिळणारा वेळ मात्र शहराच्या कारभारातून वजा होतो. सकाळी सातला गेलेला आणि रात्री नऊला परतलेला माणूस प्रभाग कार्यालय उघडं असताना कधी गाठणार? नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. एवढ्या सुशिक्षित शहरात त्याविरुद्ध मोठा उठाव झाला नाही, याला अनेक कारणं असतील. दिवसा शहरात नसणं हे त्यांतलं एक असावं, असं मला वाटतं. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळीच्या पहाटे फुलणारा फडके रोड यांत या शहराचा उत्साह दिसतो. दोन्ही सुट्टीच्या दिवशी असतात, हेही लक्षात घ्यावं.

मग काम इथेच आणावं, हा सल्ला सोपा आहे, पण डोंबिवलीकडे त्याचा एक कडू अनुभव आहे. इथे एमआयडीसी १९६० च्या दशकापासून आहे. मे २०१६ मध्ये तिथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा जणांचा बळी गेला, मे २०२४ मध्ये दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तेच झालं. २०२० मध्ये तिथला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. घराजवळचं काम म्हणजे हे, असं कुणी म्हणालं तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण दोष काम जवळ असण्याचा नाही. कारखान्याच्या कुंपणापर्यंत इमारती चढू दिल्या गेल्या. आणि जे काम आलं, ते इथे राहणाऱ्या कारकून, शिक्षिका, परिचारिका, संगणकावर बसणाऱ्या तरुणांच्या उपयोगाचं फारसं नव्हतं. कल्याणजवळच्या गावांत व्यापारी केंद्र उभारायची योजना अनेक वर्षं कागदावर फिरते आहे, आणि त्याच काळात त्या परिसरात घरांचे मनोरे उभे राहिले.

मेट्रो येईल तेव्हा सगळं सुटेल, असं सांगितलं जातं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. ती आल्यावर दिलासा मिळेल यात शंका नाही. पण दक्षिणेकडे जाणारी प्रत्येक नवी मार्गिका घरांना आणखी लांब ढकलण्याची सोयही करून देते. बदलापूर, टिटवाळा, वांगणी याच क्रमाने भरत गेली. आडवे मार्ग मला जास्त महत्त्वाचे वाटतात. नोकऱ्या आता ऐरोली, घणसोली, वाशीलाही आहेत, आणि कल्याणच्या माणसाला तिथे जायला ठाण्याला उतरून, पूल चढून, दुसरी गाडी धरावी लागते. कळवा-ऐरोली उन्नत जोडमार्ग झाला, तर हा माणूस थेट जाईल आणि ठाण्याचा फलाटही मोकळा होईल. या प्रकल्पाला मंजुरी २०१६ ची. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, मूळ जोडमार्ग मात्र कळव्याच्या झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकला. त्या झोपड्यांतली माणसंही पोटासाठी याच किनाऱ्यावर आलेली आहेत. त्यांना चालत कामावर जाता येईल अशा अंतरावर घर दिल्याशिवाय उठवलं, तर एकाचा वेळ वाचवण्यासाठी दुसऱ्याचा खर्च होईल.

२०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांना घरापासून कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं. उत्तर किलोमीटरमध्ये घेतलं गेलं. डोंबिवलीचे ४८ किलोमीटर आणि एखाद्या मोकळ्या महामार्गावरचे ४८ किलोमीटर त्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. आता २०२७ ची जनगणना येते आहे. घरातून किती वाजता निघता आणि किती वाजता परतता, असे दोन रकाने त्या प्रश्नाशेजारी सहज मावतील.